विशेष असेल तरच

सोमवार, ४ मार्च

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, रक्ततपासणी करणाऱ्या एका संस्थेच्या मुख्य कार्यालयातील देखरेख कक्षाचा प्रमुख. कक्षातील मंडळी माझ्या पाठीमागे मला 'मुनीम' म्हणतात. ते मला ठाऊक आहे आणि त्यात अपमानास्पद असे काही नाही. या कक्षात येण्यापूर्वी नऊ वर्षे मी याच संस्थेच्या गोदामात साठ्याची नोंदवही सांभाळत होतो, आणि ती वही एका काचेच्या नळीनेही कधी चुकली नाही. प्रस्तुत वही लिहिण्याचा हेतू एकच. येत्या सहा आठवड्यांत मी अनेक मर्यादा बदलणार आहे. कोणती मर्यादा, कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने बदलली, असे मागाहून कोणी विचारले तर मला सांगता आले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी. आमची चौदा केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रात काउंटरखाली एक सर्व्हर ठेवलेला असतो. त्यांची आणि मुख्य कार्यालयातील यंत्रांची प्रकृती आमच्या कक्षातील पडद्यांवर दिसते. एखादे यंत्र दमले, डिस्क भरली, अहवाल तुंबले, की अलर्ट वाजतो. किती झाले की वाजावे, ती मर्यादा. या मर्यादा सात वर्षांपूर्वी यंत्रे विकणाऱ्यांनी आपल्या मनाने घालून दिल्या आणि ते निघून गेले. काल चोवीस तासांत एक हजार तीनशे बारा अलर्ट आले. त्यांपैकी ज्यांच्यासाठी कोणाला खुर्चीवरून उठावे लागले असे नऊ. उरलेले एक हजार तीनशे तीन ऐकण्यासाठी पाच माणसे तीन पाळ्यांत बसतात, आणि त्यांना आता काहीच ऐकू येईनासे झाले आहे.

साहेबांनी सकाळी बोलावून सांगितले, "पंधरा एप्रिलपर्यंत दिवसाला शंभरच्या खाली आणा. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन मोकळा होतो. तुमच्या पाच जणांचं मग काय करायचं ते तुम्ही बघा."

मी थकलो आहे. हे वरील हेतूत बसत नाही, पण खरे आहे.

बुधवार, ६ मार्च

जुन्या अहवालांची डिस्क. मर्यादा ऐंशी टक्के. ही डिस्क दोन वर्षांपासून त्र्याऐंशी टक्क्यांवर स्थिर आहे. म्हणजे दोन वर्षे ती दर पाच मिनिटांनी ओरडते आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिचे तोंड बंद करते. मर्यादा नव्वद केली. शिवाय एका दिवसात दोन टक्क्यांहून अधिक वाढ झाली तर वेगळा अलर्ट ठेवला. दिवसाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी अलर्ट एका फटक्यात गेले.

सकाळच्या पाळीला जी बाई असते तिला सगळे टिटवी म्हणतात, कारण कक्षात आता ती एकटीच प्रत्येक अलर्ट उघडून वाचते आणि शेजाऱ्यालाही वाचायला लावते. वय बत्तीस, डोळ्यांखालची वर्तुळे पाहिली तर बेचाळीस.

"सर, ती डिस्क गप्प झाली हो," ती म्हणाली. "चुकल्याचुकल्यासारखं होतंय. दोन वर्षं रोज बोलत होतो आम्ही. सासूशीसुद्धा एवढं बोलले नसेन."

"सासूबाईंना सांगू का?"

"सांगा. त्यांनाही हायसं वाटेल."

पुष्कळ दिवसांनी कक्षात कोणी हसले.

शनिवार, ९ मार्च

आज सुट्टी. कक्षातून फोन नाही, पण ताईचे पाच फोन.

ताई माझी मोठी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेतून आल्यावर दार उघडायला ताईच असे. भावोजी गेल्यापासून ती एकटी राहते, बसने अडीच तासांवर. इकडे ये म्हटले की म्हणते, "तुमच्या घरात मला माझा डबा सापडत नाही."

सवयीने या आठवड्यातील तिच्या फोनांची वर्गवारी केली. एकूण सव्वीस. चक्कर आल्यासारखे वाटते: अकरा. स्वयंपाकघरातील नळ गळतो: चार. शेजारीण: तीन. सहज: आठ. यांपैकी कृती आवश्यक असा एक, तो नळाचा. चकरेचे कारण ठाऊक आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. शरीरातील पाणी काढणारी नवी गोळी दिली आणि सवय होईल असे सांगितले. म्हणजे अकरा फोन ठाऊक असलेल्या एकाच गोष्टीचे.

सौ.ला कागद दाखवला. तिने चष्मा न लावताच परत दिला.

"वन्सं एकट्या असतात, अहो. नळ गळतो हे निमित्त."

"निमित्ताला मी कामावरून उठून बाहेर जाऊन फोन घ्यायचा?"

"मग मला करायला सांगा. मी घेईन."

"तू तरी किती घेणार?"

"ते मोजत नाही मी," ती म्हणाली आणि आत गेली.

मंगळवार, १२ मार्च

केंद्र क्रमांक चौदा. हे ताईच्याच गावी आहे आणि आमचा सर्वांत मोठा ताप आहे. तेथील इंटरनेटची लाइन दर काही मिनिटांनी तुटते आणि जुळते. तुटली की पडद्यावर 'नोंद आली नाही' असा लाल अलर्ट, जुळली की हिरवा. केंद्रात मात्र सगळे व्यवस्थित चालू असते. काल एकट्या चौदाचे दोनशे एकसष्ट अलर्ट.

नोंद न आल्यास काय समजावे, यासाठी प्रणालीत तीन पर्याय आहेत: अलर्ट द्यावा, ठीक समजावे, शेवटची स्थिती पुढे चालवावी. पहिला आजवर होता. दुसरा बेजबाबदार आहे. मी तिसरा निवडला. त्यामागील तत्त्व माझ्या जुन्या कामातले आहे. गोदामातून चिठ्ठी फाटली नाही, तर कालचा साठा आज तसाच पुढे ओढायचा. चिठ्ठी नाही म्हणजे हालचाल नाही. नऊ वर्षे हा नियम मला कधी फसवून गेला नाही.

टिटवीने हरकत घेतली, ती येथे नोंदवतो.

"सर, मग चौदा मेलं तर कळणार कसं?"

"मरण्याआधी त्याची स्थिती बिघडेल. ती शेवटची स्थिती लाल असेल. ती लालच राहील."

"आणि धडधाकट असताना एकदम मेलं तर?"

"यंत्रे अशी मरत नाहीत."

"माझे सासरे असेच गेले. चहा मागितला आणि गेले. चहा तसाच राहिला."

पाळीतले सगळे हसले. मीही हसलो. पर्याय दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लागू केला.

रविवार, १७ मार्च

ताईकडे जाऊन आलो. नळ दुरुस्त करवून घेतला.

ती जराशी वाळली आहे. बोलताना मधेच थांबते. वयच आहे ते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्ततपासणी लिहिली आहे; नव्या गोळीनंतर महिन्याभराने करायची. आमच्याच चौदा क्रमांकात शुक्रवारची वेळ घेतली. संपर्कासाठी तिच्याऐवजी माझा क्रमांक दिला, म्हणजे तिला मेसेज वाचण्याची दगदग नको. रक्तातले काही प्रमाण धोक्याच्या मर्यादेबाहेर गेले तर आमची प्रणाली आपोआप मेसेज पाठवते. काही नसेल तर मेसेज येत नाही, छापील अहवाल सवडीने काउंटरवरून न्यायचा.

फोनांचा विषय मी शांतपणे काढला. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो फ्रिजच्या दारावर लावला:

'विशेष असेल तरच फोन करावा. (१) पडल्यास. (२) ताप एकशे एकच्या वर गेल्यास. (३) छातीत दुखल्यास.'

ताईने तो उभ्याने वाचला. "आणि चक्कर?"

"चक्कर गोळीची आहे, ताई. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"आणि सहज?"

"सहज मी करत जाईन. दर रविवारी."

"भाजी करपली तर?"

"ताई."

"बरं बाबा. साहेब झालास हो, धाकट्या. आता तुझ्याशी बोलायचं तर आधी पडायला हवं."

निघताना ती फाटकापर्यंत आली. फाटकाला धरून उभी होती. बस वळेपर्यंत हात हलवत राहिली, एकाच हाताने. दुसरा फाटकावरच होता.

बुधवार, २० मार्च

कालची संख्या एकशे चौऱ्याहत्तर. सकाळी नऊ वाजता सगळी केंद्रे एकदम उघडतात तेव्हा यंत्रे दमतात, हे नैसर्गिक आहे. सत्तर टक्के भार आणि एक मिनिट ही मर्यादा होती. नव्वद टक्के आणि सलग पंधरा मिनिटे अशी केली. दम लागणे निराळे आणि दम कोंडणे निराळे.

ताईचा फोन नाही. यादीचा उपयोग झाला.

रविवार, २४ मार्च

दुपारी जेवून पडलो तो सहाला उठलो. इतका झोपलो याची लाज वाटली. ताईला फोन करायचा राहिला. उद्या करीन.

सोमवार, २५ मार्च

संख्या एकशे तीन. दिवसभर बैठक, फोन जमला नाही. सौ. म्हणाली, शुक्रवारी रक्त देऊन आल्यावर ताईने तिला फोन केला होता.

"मला का नाही केला?"

"तुमची यादी तुमच्या फोनापुरती. मला करायला मनाई नाही ना."

"काय म्हणाली?"

"एकदा म्हणाल्या, रक्त दिलं. मग विचारलं, धाकटा शाळेतून आला का. मी हसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं, अहो. तेव्हा नाही हसले मी."

ताईला थट्टेची जुनी सवय आहे. कामावरून उशिरा आलो तरी ती 'शाळा सुटली का' असेच विचारते. सौ.ला मी तसे सांगितले.

मंगळवार, २६ मार्च

संख्या अठ्ठ्याऐंशी.

साहेब स्वतः कक्षात आले. सगळे पडदे हिरवे. "मुनीमजी, हे काय, बाग फुलवलीत की!" असे म्हणाले आणि सर्वांसाठी चहा मागवला. हे नाव त्यांच्याही कानावर गेले आहे तर. मुदतीला वीस दिवस शिल्लक असताना काम झाले. पाच माणसे राहिली. दुपारच्या पाळीचा एक जण खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. मी त्याला उठवले नाही.

ताईच्या तपासणीचा मेसेज आला नाही. म्हणजे अहवाल ठीक. तिचा फोनही नाही. दोन्ही आघाड्यांवर अशी शांतता किती वर्षांनी लाभली ते आठवत नाही.

एक नोंद राहिली. चहा पिताना टिटवी चौदाच्या चौकोनाकडे पाहत होती. "सर, चौदा फारच शहाण्यासारखं वागतंय. माझा मुलगा असा गप्प बसला ना, की मी आधी आत जाऊन बघते, काय फोडलंय."

मी म्हटले, चहा गार होतो आहे.

शुक्रवार, २९ मार्च

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहीत आहे. कालच्या घटना क्रमाने लिहितो, कारण क्रम चुकला तर मला काहीच लिहिता येणार नाही.

काल सकाळी सव्वादहाला टिटवी माझ्या टेबलाशी आली. तिने चौदाचा हिरवा चौकोन उघडून आतल्या मूळ नोंदी काढल्या होत्या. शेवटची नोंद: गुरुवार, एकवीस मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. त्यानंतर एकही नाही. त्या क्षणी चौदा हिरवे होते, म्हणून पुढचे सात दिवस माझ्या नियमाने ते हिरवेच ठेवले.

मी चौदाच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"लाइन? गेलीय ना साहेब, आठवडा झाला," तो म्हणाला. "ती काय नेहमीचीच. आम्ही म्हटलं, तुम्हाला तिथं दिसतच असेल."

"काम कसं चाललंय मग?"

"काम चालूच आहे. तपासतो, छापतो, लोक घेऊन जातात. काही अडलं नाही."

"आणि धोक्याचे मेसेज?"

"ते तर आपोआप जातात ना, साहेब?"

ते लाइनवरून जातात. काउंटरखालचा लाइनचा डबा बंद करून पुन्हा चालू करा, असे मी त्याला सांगितले. तीन मिनिटे गेली. मग लाइन जुळली आणि सात दिवसांचे तुंबलेले सगळे एकदम आत आले. धोक्याचे मेसेज अकरा होते. ते पडद्यावर एकाखाली एक उमटत होते, आणि प्रणाली ते ज्याचे त्याला पाठवत होती. मी एक, दोन, तीन असे मोजत होतो.

सातवा उमटला तेव्हा माझ्या खिशातला फोन थरथरला.

'आपल्या रुग्णाच्या अहवालात सोडियमचे प्रमाण धोक्याच्या मर्यादेखाली आहे. तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधावा.' तपासणीचा दिनांक बावीस मार्च. प्रमाण एकशे एकोणीस. आमची मर्यादा एकशे वीस.

मी पुन्हा पुन्हा तेच वाचत उभा होतो असे टिटवी म्हणते. तिने माझ्या हातातून फोन घेऊन वाचला. "तुम्ही निघा, सर. बाकीच्या दहा जणांना मी फोन करते. मेसेजवर नाही सोडत, एकेकाशी बोलते. निघा ना!"

ताईला फोन केला, उचलला नाही. चार वेळा केला. सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, शेजारणीचा क्रमांक माझ्याकडे आहे. तिने लावला. शेजारीण म्हणाली, "दोन दिवस झाले, दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. हाक मारली तर नुसत्या बघतात. मला वाटलं माझ्यावर रागावल्या, म्हणून मीही गेले नाही."

शेजारणीनेच रिक्षा करून ताईला येथे आणले. आम्ही पोहोचलो तेव्हा हाताला सलाइन लागले होते. आजचे प्रमाण एकशे चौदा. गोळी बंद केली आहे. डॉक्टरांनी सांगितले की त्या गोळीने वयस्कर माणसांचे सोडियम असे उतरते. चक्कर ही पहिली खूण. मग गोंधळल्यासारखे होते, आणि वेळेत कळले नाही तर झटके येतात, माणूस जातोही. आता चढवायचे तेही थेंबाथेंबाने, घाई केली तर मेंदूला इजा होते. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे.

पहिली खूण. अकरा फोन.

ताईने मला पाहिले. बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाबा, धाकटा अजून आला नाही हो."

रविवार, ३१ मार्च

प्रमाण एकशे सव्वीस. धोका टळला असे डॉक्टर सकाळी म्हणाले. सौ. बाहेर जाऊन रडली. मी अर्ज भरत होतो.

दुपारी ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, "धाकट्या, तुझी दाढी पांढरी झाली की रे."

ओळखले. मी खुर्ची जवळ ओढली.

"ताई, फोन का नाही केलास?"

"कशाला? विशेष कुठं होतं?"

"शेजारीण म्हणाली, रिक्षात तू बडबडत होतीस, मंगळवारी सकाळभर स्वयंपाकघरात जमिनीवर होते म्हणून."

"हो. उठता येईना."

"अगं, मग पडलीस ना तू! यादीत पहिलंच लिहिलं होतं!"

"पडले नाही काही," ती ठामपणे म्हणाली. "भिंतीला धरून सावकाश खाली बसले. बसण्याचं तू काही लिहिलं नव्हतंस."

सौ. पाठमोरी झाली. ती हसत होती की रडत होती, मला कळले नाही. ताई मात्र हसत होती.

"फ्रिज समोरच दिसत होता. तीनतीनदा वाचली तुझी यादी. अक्षर चांगलं आहे हो तुझं. मीच गिरवून घेतलंय ते."

संध्याकाळी तिचे कपडे आणायला तिच्या घरी गेलो. यादी जागेवर होती. शेजारी कॅलेंडर. त्याच्या चौकोनांत तिने पेन्सिलीने लिहिले होते, ते जसेच्या तसे उतरवून घेतो.

'सोमवार. चक्कर, दोनदा. विशेष नाही.'
'मंगळवार. चक्कर. चहा सांडला. विशेष नाही.'
'बुधवार. चक्कर. गॅस बंद केला का आठवेना. केला होता. विशेष नाही.'
'शुक्रवार. रक्त दिले. मेसेज त्याला येणार. विशेष नाही.'
'रविवार. आज त्याचा फोन.'

रविवारच्या चौकोनात एवढेच आहे. सोमवारचे अक्षर चौकोनाबाहेर गेले आहे, आणि त्यानंतर नुसत्या रेघा आहेत.

नोंदी ठेवण्याची सवय आमच्या घरात माझी एकट्याचीच आहे असे मी समजत होतो.

बुधवार, ३ एप्रिल

कामावर गेलो. टिटवीने दहाही जणांना गाठले होते. दोघांना त्याच दिवशी दाखल करावे लागले, एकाला रक्त द्यावे लागले. सगळे सुखरूप आहेत. यात माझे कर्तृत्व शून्य आहे, हे येथे लिहून ठेवतो.

साहेबांनी दार लावून घेतले.

"लाइन गेली होती. लाइनवाल्यांची चूक. तसं पत्र तयार करा."

"लाइन गेली ही त्यांची चूक, साहेब. ती गेल्याचं कळलं नाही ही माझी." मी या वहीतील बारा मार्चच्या पानाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. दिनांक, वेळ, कारण, आणि टिटवीची हरकत, सासऱ्यांच्या चहासकट.

त्यांनी ती दोनदा वाचली. "हे तुम्ही स्वतः लिहून ठेवलंत? कोणी मागितलं होतं?"

"मागाहून कोणी विचारलं तर, म्हणून लिहिलं होतं."

"मुनीमजी, तुम्हाला स्वतःला वाचवता येत नाही."

चौदाही केंद्रांचा पर्याय बदलला: दहा मिनिटे नोंद आली नाही, तर तोच अलर्ट, आणि तो बंद करण्यापूर्वी केंद्रातल्या माणसाशी प्रत्यक्ष बोलायचे. दिवसाची संख्या एकशे चाळीसच्या आसपास राहील. शंभरच्या खाली येणार नाही. साहेबांना तसे लेखी दिले, आणि कक्षाची जबाबदारी टिटवीकडे द्यावी अशी शिफारस केली. स्वतःसाठी साठवलेली दोन महिन्यांची रजा मागितली.

टिटवी दारात उभी होती. "सर, एकशे चाळीस म्हणजे शंभराच्या वरच की हो. आम्हाला काढलं तर?"

"तर माझी ही पानं दाखवा. एक हजार तीनशे बारावरून आली आहे संख्या."

"आणि फोन केला तर चालेल ना तुम्हाला? काही विशेष नसलं तरी?"

मी हो म्हटले.

सोमवार, १५ एप्रिल

आज साहेबांची मुदत संपली. दुपारी टिटवीचा फोन आला. काल एकशे छत्तीस. साहेब पडद्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि चौदा क्रमांक लाल झालेला पाहून म्हणाले, "हे काय?" तिने सांगितले, "लाइन गेलीय, साहेब. आत्ताच बोलले त्यांच्याशी. तंत्रज्ञ जेवतोय, बाकी सगळं ठीक." बाहेरच्या कंपनीचे नाव साहेबांनी काढले नाही. जूनपर्यंत बघू, एवढेच म्हणाले. तेवढे पुरे.

मी ताईकडे आहे. सौ. शनिवार-रविवार येते. ताईचे प्रमाण एकशे सदतीस. भिंतीला न धरता चालते. माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवते. मी मागच्या खोलीत बसून हे लिहीत आहे, ती पुढच्या खोलीत खुर्चीत आहे, आणि मधले दार उघडे ठेवले आहे.

फ्रिजवरची यादी मी आल्या दिवशी काढली होती. ताईने ती कचऱ्यातून काढून पुन्हा लावली. "राहू दे. अक्षर चांगलं आहे," म्हणाली. खाली तिने पेन्सिलीने चौथा मुद्दा घातला आहे: 'सहज.'

आताच तिने हाक मारली.

"धाकट्या!"

"काय गं?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

"आहे."

सकाळपासून ही कितवी हाक, ते मोजलेले नाही.

धाकटा
ताईचे घर, मागची खोली
१५ एप्रिल